कोरडवाहू कप्तान

होडी बुडाली तेव्हा डॉक्टर भाषण करत होते.

भाषण करायचं ठरलेलं नव्हतं. पण धक्क्यावर बरीच माणसं जमली होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या दाढा डॉक्टरांनीच भरलेल्या होत्या. इतके ओळखीचे जबडे एकदम समोर आले, तेही मिटलेले, म्हटल्यावर दातांच्या डॉक्टरला बोलायची हुक्की आली तर नवल नाही. "लाकडाचं आणि दाताचं शास्त्र एकच," ते सांगत होते. "फट दिसली की आधी आतली घाण खरवडून काढायची. मग पक्कं भरायचं. मी भरलेली फट आजवर कधी—"

मागे 'टक्' असा आवाज झाला.

ट्रॅक्टरने ट्रॉली पाण्यात ढकलली होती, होडीचं वजन ट्रॉलीवरून पाण्यावर आलं होतं, जुन्या फळ्या अंग सैल करून जराशा हलल्या होत्या. आणि डॉक्टरांनी फटींमध्ये ठासलेली, दगडासारखी वाळलेली पुट्टी तुकड्यातुकड्यांनी निखळायला लागली होती. टक्, टक्, टक्. डॉक्टरांना पुढचं वाक्य सुचेपर्यंत होडीत घोटाभर पाणी झालं, आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांचं ठरेपर्यंत गुडघाभर. मग ती काही आरडाओरडा न करता, एखादी समंजस म्हैस डुंबायला बसावी तशी, धक्क्याशेजारच्या उथळ पाण्यात बसली. वर फक्त काठ आणि डोलकाठी राहिली. पुढे उभ्या असलेल्या एका पेशंटने नकळत स्वतःच्या गालावर हात ठेवला.

सगळ्यांचे चेहरे पडले असताना एकच चेहरा फुलला होता. धक्क्याच्या टोकाला, घडीच्या स्टुलावर कप्तान बसले होते. ते उठले, बुडालेल्या होडीकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं, आणि घरातलं कुणी पहिल्या वर्गात पास झाल्यासारख्या आवाजात म्हणाले, "पूर्ण खोलावी लागणार."

डॉक्टरांच्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता यांची एक दाढ काढावी. भूल न देता.

ही होडी डॉक्टरांच्या गळ्यात पडली त्याला कारण त्यांच्याच दवाखान्यातली मासिकं. बाहेरच्या खोलीतली मासिकं पेशंटांसाठी असतात, डॉक्टरने ती वाचायची नसतात, हा त्यांनी इतकी वर्षं पाळलेला नियम एका रिकाम्या दुपारी मोडला. मासिकात एका दाढीवाल्याचा फोटो होता. दाढीवाला एका हाताने सुकाणू धरून दूर कुठेतरी पाहत होता. डॉक्टरांनी आरशात पाहिलं. आरसा त्यांच्याकडे नेहमीच असे, पण तो दुसऱ्यांच्या तोंडात घालायचा. त्यात स्वतःचा फक्त एक डोळा दिसला, आणि तो डोळाही दूर पाहत नव्हता. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. डॉक्टरांचं मात्र सगळं आयुष्य त्यावरच भरलं होतं, आणि आता ते भरलेलं पोट कुठेतरी न्यावं असं त्यांना वाटायला लागलं.

बंदराच्या मागच्या अंगाला होड्यांचं एक आवार होतं. एक यार्डवाल्या बाई ते चालवायच्या. तिथे, दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली, एका माणसाला जेमतेम आडवं होता येईल आणि तिघांना गैरसोयीने बसता येईल एवढी ती होडी डॉक्टरांनी पाहिली. तिच्यापेक्षा आधी त्यांनी कप्तान पाहिले.

कप्तान त्या वेळी डोलकाठी उतरवत होते. डोलकाठी म्हणजे विजेच्या खांबाची धाकटी बहीण. एकटा माणूस, ठेंगणासा, मनगटं मात्र दोराइतकीच पिळदार. एका हाताने कप्पीवरून दोर सोडत होता, आणि ती काठी इतकी सावकाश खाली येत होती की वर बसलेली चिमणी मधेच कंटाळून उडून गेली, घाबरून नव्हे. डोक्यावर निळी टोपी, टोपीवर विटका नांगर. डॉक्टरांनी त्यांना काही विचारलंच नाही. मनाशी ठरवून टाकलं. असा हात वादळं पाहिल्याशिवाय तयार होत नाही.

होडी विकायला काढली होती ती कप्तानांच्या लेकीने. "बाबांचे गुडघे आता उठू-बसू देत नाहीत," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी त्यांना घरी आणायला मला जावं लागतं. होडी गेली की निदान घरी तरी बसतील." व्यवहार ठरल्यावर डॉक्टरांना बाजूला घेऊन कप्तानांनी एकच अट घातली. "मी येत राहीन."

डॉक्टरांना हर्ष मावेना. होडी घेतली आणि गुरू फुकट मिळाला.

गुरू रोज सकाळी डॉक्टरांच्या आधी हजर असायचे. दवाखाना उघडण्यापूर्वीचा वेळ आणि सुट्टीचा सगळा दिवस डॉक्टर होडीला द्यायचे. डॉक्टर पालिश कागदाने घासत, कप्तान स्टुलावर बसून बघत. डॉक्टरांनी घासणं संपवलं की कप्तान फळीवरून आंगठा फिरवत आणि म्हणत, "परत." हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा निघाला की डॉक्टर पेशंटला चूळ भरायला सांगतानाही "परत" म्हणू लागले.

इकडे दवाखान्यात होडीचं पुराण सुरू झालं. दातांच्या डॉक्टरला मिळतो तसा श्रोता दुसऱ्या कुणाला मिळत नाही: तोंड उघडं, त्यात थुंकी ओढणारी नळी, वर दिवा, उठायची सोय नाही. "शीड घेतलंय शिवायला," डॉक्टर सांगत. "आं," पेशंट म्हणे. "तुम्हालाही नेऊ एकदा." "आं आं." हा होकार धरून डॉक्टरांनी जवळजवळ सगळ्या गावाला सहलीचं निमंत्रण दिलं. दात स्वच्छ करायच्या रेशमी दोऱ्याने ते गाठींचा सराव करत. एकदा एका बाईंच्या दोन दातांमध्ये त्यांनी अशी पक्की खलाशी गाठ मारली की ती सोडवायला त्यांना पुस्तक काढावं लागलं.

पण होडी काही पुरी होईना. बूड झालं की कप्तानांना काठ खटके. काठ झाला की सुकाणूची बिजागरी. रंग दिला की म्हणत, "घाई केलीत," आणि रंग खरवडायला घेत. फटींचं तर संपतच नव्हतं. कप्तान त्यांत कापसाच्या वाती ठोकून बसवत. काही दिवसांनी उन्हाने फळ्या आणखी आकसत, फटी पुन्हा डोळे उघडत, आणि कप्तान समाधानाने पुन्हा कापूस घेऊन बसत.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टरीणबाई डबा घेऊन आवारात आल्या. कप्तान डोलकाठी उतरवत होते. बाई बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, हे खलाशी कुठले? हे तर नाट्यगृहातले पडदेवाले."

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? शाळेच्या नाटकात मी राणी होते. मधेच सगळं विसरले. तोंड उघडं टाकून उभी. तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि असा सावकाश पडदा सोडला की लोकांना वाटलं अंक संपला. टाळ्या पडल्या. तो हात मी विसरेन?" त्या कप्तानांकडे वळल्या. "काका, तुम्हीच ना ते?"

"असेन," कप्तान म्हणाले. "विसरणारे बरेच असायचे."

"मग ही होडी?"

"नाट्यगृहाच्या मागे पडलेली होती. कुठल्याशा नाटकात लागली होती. ते टाकून देणार होते."

बाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेला घरात स्वतंत्र नाव नव्हतं, पण डॉक्टर ती ओळखत. "आणि काका, पाण्यात कधी घातलीत?"

"नाही."

"एकदाही?"

"काम संपलं नव्हतं."

डॉक्टर मटकन कठड्यावर बसले. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतल्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यात निदान एकाला दिसत तरी होतं. इथे दोघेही आंधळे, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याला रोज सकाळी "कप्तान, आज वारा कसा वाटतो?" असं विचारून वहीत उत्तर लिहून घेतलेलं. टोपीबद्दल चौकशी केली तर ती लेकीने ऊन लागू नये म्हणून आणलेली निघाली.

घरी जाताना डॉक्टरांनी चिडचिड केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, त्यांना होडी कुठे हवीय? त्यांना काम हवंय. ही एकदा पाण्यात गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते जाणार कुठे, सांगा बघू."

डॉक्टरांनी ते ऐकलं, पण कानाआड केलं. सगळ्या गावाला दिलेलं निमंत्रण गळ्याशी आलं होतं. पेशंट आता नळी बाजूला काढून "मग, कधी?" असं विचारायचे. कप्तान लेकीबरोबर नातलगांकडे गेले होते, ती संधी साधून डॉक्टरांनी फटींतला सगळा कापूस उपसून काढला. आपल्या हत्यारांनी, कोपरान् कोपरा. किडका भाग काढतानाचं जे सुख असतं ते त्यांना त्यात मिळालं. मग कडक पुट्टी भरली, घासली, रंग दिला, आणि कप्तान परत येईपर्यंत ट्रॅक्टरवाल्याला दिवस देऊन मोकळे झाले. पुढचं धक्क्यावर सगळ्यांनी पाहिलंच.

बुडालेली होडी बाहेर काढायची तर ट्रॅक्टर हवा, आणि ट्रॅक्टरने नेमकी तेव्हाच मान टाकली. त्याचा कसलासा भाग येईपर्यंत होडी आहे तिथेच, आहे तशी पाण्यात राहिली. डॉक्टर लाजेने रस्ता बदलून दवाखान्यात जात होते. कप्तान मात्र रोज धक्क्यावर स्टूल टाकून बसत आणि पाण्यात बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, इथली फळी बदलणार, तिथला खिळा काढणार. माणूस इतका खुशीत होता की लेकीने घरी येऊन डॉक्टरांचे आभार मानले.

ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी होडी हलकी करावी म्हणून तिघांनी बादल्या घेतल्या. डॉक्टर, डॉक्टरीणबाई आणि कप्तान, धक्क्यावरून दोरी सोडून. पाणी उपसत गेले तशी होडी वर येत गेली. तळ दिसला. आता पुन्हा भरेल म्हणून ते बादल्या धरून उभे राहिले. होडी भरेना. डॉक्टर आत उतरले, गुडघ्यांवर बसून त्यांनी फटी शोधल्या. फटी नव्हत्या. फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या, उरलीसुरली पुट्टी त्यांनी बाहेर थुंकून टाकली होती, आणि त्या एकमेकींना खेटून अशा बसल्या होत्या की मधे नख शिरत नव्हतं. एका जागी थोडा पाझर होता, बस्स.

यार्डवाल्या बाई हातात साखळी घेऊन तिथून चालल्या होत्या. "फुगली का?" त्या म्हणाल्या. "आता बाहेर काढू नका. लाकडी आहे ती, कोरडी ठेवली की गळणारच." आणि साखळी खणखणवत पुढे गेल्या.

म्हणजे इतकी वर्षं कप्तान जे दुरुस्त करत होते, ते होडीला जमिनीवर ठेवल्यामुळेच मोडत होतं.

डॉक्टर हसत वर आले, कप्तानांचा हात हातात घ्यायला. कप्तान बादलीतलं उरलेलं पाणी ओतत होते. त्यांनी बादली पालथी घातली, टोपी सारखी केली. "मग झालं म्हणायचं," ते म्हणाले आणि स्टुलाची घडी घालून चालू लागले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत.

डॉक्टरांनी मनाची समजूत घातली की बरं झालं, आता "परत" म्हणणारं कुणी नाही. बायकोला घेऊन ते पहिल्या सफरीला निघाले. शीड चढवलं, वारा भरला, होडी एका अंगावर कलली, दोर करकरले. आयुष्यभर आरशात बघून उलट्या हाताने काम केलेला माणूस. डावीकडे जायला सुकाणू उजवीकडे ढकलायचं हे तरी त्याला जमायला हवं होतं. तेही जमत नव्हतं. पण वेग असा की डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, बघ, कशी चाललीय," ते ओरडले.

बाई पदर आवरून मागे बघत होत्या. "अहो, आपल्याला धक्क्याला बांधलंय अजून."

दोर सोडल्यावर तर फारच वाईट परिस्थिती झाली. दोन हात सुकाणूला, दोन हात शिडाच्या दोरांना, एक हात बायकोला आधार द्यायला, एवढे हात माणसाला दिलेले नसतात. त्यांना मच्छीमारांच्या लाँचने ओढून परत आणलं. दोर सांभाळायला कुणीतरी हवं होतं, आणि गावात असा एकच माणूस होता.

डॉक्टर कप्तानांच्या घरी गेले. दार लेकीने उघडलं. "बेल वाजवू नका," ती आधी म्हणाली. "बाबांनी दुरुस्त केलीय. वाजवली की दिवे जातात."

आतल्या खोलीत कप्तान कपाटासमोर जमिनीवर बसले होते. कपाटाची दारं निघून भिंतीला टेकली होती, कपडे पलंगावर होते.

"कपाटाला काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," लेक म्हणाली. "तेच तर."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "कप्तान, होडीवर चला की एकदा. दोर मला आवरत नाहीत."

"फिरायला पाय आहेत मला."

"फिरायला नाही. नुसते बसा."

"बसून काय करू?" कप्तानांनी बिजागरीत तेल सोडलं. "नीट चाललीय ना?"

"चाललीय."

"मग?"

डॉक्टर उठले. दाराशी लेक हळू आवाजात म्हणाली, "आज कपाट झालं. उद्या ते माझ्या शिलाईच्या मशीनला हात लावतील. त्यावर माझं घर चालतं हो, डॉक्टर. आणि रात्री जेवत नाहीत. म्हणतात, दिवसभर केलं काय जेवायला?"

त्या रात्री डॉक्टरांना झोप लागली नाही. 'परत' म्हणणारा माणूस नसला की सकाळी अंथरुणातून उठायला कारण सापडत नाही, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं. पण तिकडे एक माणूस धडधाकट कपाट उघडून बसला होता, आणि त्याला तिथे नेऊन बसवणारी पुट्टी डॉक्टरांचीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दवाखान्याचं दार लावलं, काही हत्यारं रुमालात गुंडाळली आणि धक्क्यावर गेले. चांगल्या दाताला हात लावायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची शपथ. समोर कितीही श्रीमंत पेशंट बसला तरी ती मोडली नव्हती. होडीत बसून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मग पुढच्या फळीवर, आतल्या अंगाने, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, एक निरोगी जागा निवडली. पहिला खड्डा पाडताना त्यांनी फळीला पुटपुटत "जरासं दुखेल" असं सांगितलं. पण एकदा हत्याराला लाकूड लागल्यावर हात आपोआप चालू लागला. किडीने पोखरावं तशी एकाशेजारी एक भोकं, आत वळणारी, मधेच एक जोडलेली. घड्याळात पाहिलं तेव्हा दवाखान्याच्या बंद दाराबाहेर तीन पेशंट ताटकळत होते.

संध्याकाळी त्यांनी निरोप पाठवला: पुढच्या फळीत काहीतरी झालंय. उभी असताना काही नाही. चालायला लागली की आवाज येतो.

सकाळी डॉक्टर पोचले तेव्हा कप्तान धक्क्यावर होते. हत्यारांची पिशवी खांद्याला, स्टूल बगलेत. "कसला आवाज?" त्यांनी विचारलं.

"करकर."

"करकर की किरकिर?"

डॉक्टर गडबडले. "मधलं."

कप्तान धक्क्याच्या काठाशी येऊन थबकले. वर्षानुवर्षं जिच्यावर हात फिरवला ती होडी खाली डुलत होती, आणि डुलणाऱ्या गोष्टीत पाय टाकायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी आधी पिशवी आत ठेवली. मग स्टूल. मग डॉक्टरांचा हात न धरता स्वतः उतरले आणि डोलकाठीला घट्ट मिठी मारून उभे राहिले. होडी शांत झाल्यावर त्यांनी मिठी सोडली, जणू नुसती काठी तपासत होते.

डॉक्टरांनी धक्क्याचा दोर सोडला. सुटलाय ना, हे दोनदा पाहिलं. कप्तानांनी शिडाचा दोर हातात घेतला, आणि शीड वर गेलं ते असं की फडफड नाही, गडबड नाही; सरकत गेलं, उघडलं, भरलं. होडी धक्क्यापासून निघाली. सुकाणू डॉक्टरांकडे असल्यामुळे ती वाकडी निघाली, पण निघाली.

कप्तानांचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. दोर एका खुंटीला अडकवून ते पुढे जाऊन गुडघ्यांवर बसले. लेकीने ज्या गुडघ्यांमुळे होडी विकली, तेच. त्यांनी कान फळीला लावला. फळीपलीकडे पाणी चाललं होतं. खळाळत, सळसळत, मधेच थापट्या मारत. डॉक्टरांना वाटलं, आता ते म्हणतील की करकर नाही. कप्तानांनी डोळे मिटले. धक्का मागे पडला, यार्डवाल्या बाई ठिपक्याएवढ्या झाल्या, वारा जरा वळला, आणि तरी कप्तानांनी कान फळीवरून काढला नाही. आवाज ऐकायला एवढा वेळ लागत नाही, हे डॉक्टरांनाही कळत होतं. आयुष्यात प्रथमच समोर माणूस होता, त्याचं तोंड मिटलेलं होतं, आणि डॉक्टरांना काही सांगावंसं वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळाने कप्तानांनी डोळे उघडले. मग त्यांना भोकं दिसली. त्यांनी एकात करंगळीचं टोक घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. दुसऱ्यात घातलं. टोपी काढून खुंटीला अडकवली, पिशवी जवळ ओढली, पटाशी निवडली आणि बैठक मारली. दुरुस्ती बरेच दिवस चालणार अशी ती बैठक होती.

डॉक्टरांनी घसा साफ केला. दूर कुठेतरी पाहत, मासिकातल्या दाढीवाल्यासारखं, शक्य तितक्या सहज आवाजात त्यांनी विचारलं, "कीड लागली असेल, नाही का?"

कप्तानांनी मान वर केली नाही. "कीड जाताना कडा घासून जात नाही, डॉक्टर."